खातोय ना अजून

आमच्या कुत्र्याबद्दल, खंडूबद्दल कुणाचाही फोन आला की आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "खातोय ना अजून." मावशीला हेच, दादाला हेच, शेजारच्या काकूंनी फाटकातून विचारलं तरी हेच. मीसुद्धा पुण्याहून रोज रात्री फोन केला की आधी तेच विचारायचे, खाल्लं का त्याने, आणि आई म्हणायची हो गं, वाटी चाटूनपुसून साफ, की मला बरं वाटायचं आणि मी शांत झोपायचे. आता तीन महिने झालेत त्याला जाऊन आणि मला सारखं वाटतंय की या एका वाक्याने आम्हाला कमीत कमी पंधरा दिवस फसवलं. ते पंधरा दिवस आमच्यासाठी होते, त्याच्यासाठी नव्हते. म्हणून हे लिहितेय. कुणाच्या घरात आत्ता असंच एखादं म्हातारं कुत्रं मागचे पाय ओढत फिरत असेल तर त्यांना कदाचित उपयोग होईल.

खंडू आमच्याकडे आला २०१० च्या डिसेंबरमध्ये. दादाला कोरेगावहून बाइकवर येताना रस्त्याच्या कडेला सापडला, त्याने जर्किनच्या आत घालून आणला, एवढंसं पिल्लू, पोट फुगलेलं, अंगावर गोचिड्या. चंपाषष्ठी होऊन दोनचार दिवसच झाले होते म्हणून बाबांनी नाव ठेवलं खंडू. आई म्हणाली देवाचं नाव कुत्र्याला नको, बाबा म्हणाले खंडोबाबरोबर कुत्रं असतंच की, ते काय परकं आहे का. तेवढ्यावर विषय संपला. साधा गावठी कुत्रा, तांबूस रंग, छातीवर पांढरा पट्टा, एक कान उभा एक पडलेला. ऐन भरात २४ किलो वजन होतं त्याचं.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. बाबा शाळेत शिक्षक होते, रिटायर झाल्यावर त्यांची आणि खंडूची रोज पहाटे किल्ल्यावर जायची जोडी जमली. पाऊस असो थंडी असो, साडेपाचला बाबांनी काठी उचलली की हा फाटकाशी हजर. मला वाटतं बाबांच्या रिटायरमेंटनंतरचं निम्मं आयुष्य या कुत्र्याने भरून काढलं, आणि हे मी उगाच म्हणत नाहीये, त्या वर्षात दादा परदेशात गेला होता, मी पुण्यात नोकरीला लागले होते, घर एकदम रिकामं झालं होतं.

हळूहळू तो रस्ता आखूड होत गेला. आधी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत जायचे, मग वरच्या वळणापर्यंत, मग चढ सुरू होतो तिथे खंडू बसायला लागला आणि बाबा त्याच्याशेजारी कठड्यावर बसायचे. मागच्या दिवाळीनंतर डेअरीच्या कोपऱ्यापर्यंत. मार्चमध्ये फाटकापर्यंत. आम्ही रोज बघत होतो ना, त्यामुळे कळलंच नाही. मी आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, त्याचं सगळं म्हातारपण त्या एका रस्त्यावर लिहिलेलं होतं, पण आमचं लक्ष वाटीकडे.

त्याला झालं काय होतं ते सांगते. खुब्याचे सांधे झिजलेले, ते म्हातारपणी होतंच, पण त्यात कमरेतल्या मणक्याजवळ नस दबलेली, त्यामुळे मागच्या पायांतली शक्ती जात चाललेली. पंजा उलटा पडायचा आणि त्याला कळायचंच नाही, तसाच ओढत चालायचा, नखं घासून घासून रक्त यायचं. आमची फरशी शहाबादी, ती गुळगुळीत झालेली, त्यावर तो फतकल मारून पडायचा आणि उठता यायचं नाही. मग आम्ही घरभर मॅट अंथरल्या, गोणपाटं, माझी योगा मॅट, आईच्या जुन्या सतरंज्या, घराचं अगदी लग्नाचं कार्यालय झालं होतं. शी-शूला न्यायचं तर बाबांचा जुना पंचा पोटाखालून घालायचा, दोन टोकं हातात धरायची आणि मागचा भाग उचलून धरून त्याच्याबरोबर चालायचं. बाबांचं वय ७२. दिवसातनं सहा वेळा.

दुखण्यावर गोळ्या होत्याच पण तिथेही एक अडचण. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन २.१ आलं, म्हणजे किडनीला सुरुवात झालेली, त्यामुळे सांध्यांवरची जी नेहमीची औषधं असतात, मेलॉक्सिकॅम वगैरे, ती डॉक्टर बेतानेच द्यायचे, रोज नाही. बाकी नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन होतं, त्याने थोडी गुंगी यायची. इथे एक सांगून ठेवते, शेजारच्या एका काकांनी अगदी प्रेमाने सांगितलं होतं की माणसांची पेनकिलर अर्धी करून द्या, काही होत नाही. कृपा करून असं करू नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या कुत्र्यांना सोसत नाहीत, पोटात अल्सर होतात, किडनी जाते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

मधे मे महिन्यात मी त्याला पुण्यात एका मोठ्या ठिकाणी घेऊन गेले. गाडीत दोनदा उलटी केली त्याने. तिथे त्यांनी सलाईन लावलं, आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपी सांगितली, आणखी तपासण्या सांगितल्या, सगळं ऐकून घेतलं, पण साडेचौदा वर्षांच्या कुत्र्याचं यातनं नक्की काय बरं होणार हे कुणी बसून सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, माझीच हिंमत झाली नाही. परत आणला. साताऱ्यातले आमचे डॉक्टर बाबांचे विद्यार्थी, ते बाबांना अजून सर म्हणतात, त्यांनी रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, "सर, बरं करण्याचा भाग संपलाय. आता त्रास कमी करायचा आणि लक्ष ठेवायचं, एवढंच." आणि मग त्यांनी एक काम सांगितलं. खंडूला आयुष्यात सगळ्यात आवडणाऱ्या चारपाच गोष्टी कागदावर लिहून ठेवा, आणि त्यातलं काय काय उरलंय ते अधूनमधून बघा.

आम्ही कागद नाही घेतला, आईच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलं. पहाटे किल्ल्यावर जाणं. पेपरवाल्यावर भुंकणं, हे तर चौदा वर्षं एक दिवस चुकवलं नव्हतं. संध्याकाळी बाबा टीव्ही बघताना त्यांच्या पायावर हनुवटी टेकून झोपणं. अंगणात चिकूखाली माती उकरून त्या थंड खड्ड्यात पडणं. आणि दूधभाकरी.

किल्ला तर गेलेलाच होता. खड्डा उकरणं गेलं होतं. पेपरवाला आला की कान हलायचा, बस. बाबांच्या पायाशी यायचा कधी कधी, कधी कधी यायचाच नाही, कारण संध्याकाळ झाली की त्याला काहीतरी व्हायचं, घरातल्या घरात हरवल्यासारखा फिरायचा, दाराच्या मागच्या फटीत, जिथे बिजागरी असते ना त्या बाजूला, तोंड घालून उभा राहायचा आणि मागे यायचं कसं हे त्याला सुचायचं नाही. डॉक्टर म्हणाले माणसांना स्मृतिभ्रंश होतो तसं कुत्र्यांनाही म्हातारपणी होतं, दिवसरात्र उलटीपालटी होते. रात्री दोनला तो रडायला लागायचा. भुंकणं नाही, एक लांब कण्हल्यासारखा सूर. बाबा उठून त्याच्याजवळ बसायचे, हात ठेवायचे, थोडा शांत व्हायचा, परत सुरू. अंग थंड असताना, पंखा चालू असताना धापा टाकत राहायचा, आम्हाला वाटायचं उकडतंय बिचाऱ्याला. ते उकडणं नव्हतं, दुखणं होतं. कुत्री दुखतंय म्हणून ओरडत नाहीत सहसा, धापा टाकतात, जागा बदलत राहतात, झोपत नाहीत. हे मला आधी माहीत असतं तर.

पण दूधभाकरी? ती मात्र पूर्ण. आईने कुस्करून दिली की वाटी चकाचक. आणि म्हणून, खातोय ना अजून.

जूनमध्ये एका रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर वाचत बसले होते तेव्हा मला ते मोजमाप सापडलं. अ‍ॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य आहेत, आजारी प्राण्यांच्या शेवटच्या दिवसांवर त्यांचं खूप काम आहे, त्यांनी २००४ साली हे तयार केलं. सात गोष्टी, प्रत्येकीला शून्य ते दहा मार्क. दुखणं किती आटोक्यात आहे, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि सातवी म्हणजे वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर अजून सांभाळायला हरकत नाही असं साधारण धरतात. मी प्रिंट काढली आणि शनिवारी साताऱ्याला गेल्यावर बाबांना म्हटलं, तुम्ही वेगळे मार्क द्या, मी वेगळे देते, एकमेकांचं बघायचं नाही.

माझे आले ३१. बाबांचे ४३.

बाबा आयुष्यभर पेपर तपासत आले, कडक मास्तर म्हणून प्रसिद्ध, आणि या पोराला मात्र त्यांनी हात सैल सोडून मार्क दिले होते. हालचालीला तीन दिले होते, मी एक. मी म्हटलं बाबा तो चालतच नाही हो, तुम्ही चालवता. ते काही बोलले नाहीत. पण दोन्ही कागदांवर एक आकडा सारखा होता, भुकेला दहापैकी दहा. मी पुण्याला परतताना एसटीत बसून तो कागद परत बघत होते आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की या दहाने सगळी बेरीज वर ओढलीय. बाकीच्या सहा गोष्टींत माझे मार्क होते ६० पैकी २१, आणि त्यातले आठ नुसते पाण्याचे.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी नाही बोलले.

आईपुढे विषय बाबांनी काढला, तेही सरळ नाही. जेवताना म्हणाले, १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू जायबंदी होऊन पडलं होतं, कूस बदलता येत नव्हती इतक्या यातना, डॉक्टरांनी सांगितलं आता उपाय नाही, तेव्हा गांधीजींनी स्वतःसमोर त्याला इंजेक्शन देवविलं. अहिंसेचं व्रत घेतलेला माणूस, देशभरातून टीकेची पत्रं आली, आणि त्यांनी लेख लिहून सांगितलं की त्या स्थितीत तीच अहिंसा होती. आई ऐकत होती. भाकरीचा तुकडा हातात तसाच. मग म्हणाली, "अहो, ती मोठी माणसं, त्यांना जमतं. माझ्याकडे हा डोळे वर करून बघतो." आणि मग थोड्या वेळाने, "दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री आहेत. म्हातारी झाली म्हणून हाकलली का त्यांनी?"

आमच्या देव्हाऱ्यात दत्ताची तसबीर आहे, आईच्या माहेरची. आई दर गुरुवारी उपास करते. तिच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतंच, कारण ती चुकीचं बोलत नव्हती. तिला मारणं आणि सोडवणं यातला फरक कळत नव्हता असंही नाही, माझ्या आजीच्या शेवटच्या आजारपणात तीच रोज म्हणायची देवा सोडव गं बाई आता हिला. पण तिथे देवाला सांगायचं होतं. इथे आपणच सही करायची.

आणि दादा. तो जर्मनीत आहे, त्याचं तिकीट दिवाळीचं काढलेलं. रोज व्हिडिओ कॉलवर खंडू खंडू हाका मारायचा, खंडूला ऐकूही कमी यायचं, तो फोनकडे बघायचाच नाही. दादा म्हणायचा दिवाळीपर्यंत ठेवा ना, मी येतोच आहे, मला एकदा भेटू दे. यात त्याची चूक नाही, जर्किनमधनं त्यानेच आणलेला. पण दिवाळी म्हणजे अजून चार महिने. आम्ही कुणीच त्याला सांगितलं नाही की रात्री काय चालतं. कॉल संध्याकाळी सातला असायचा, आई त्याच्या आधी खंडूचं तोंड पुसून, मॅट बदलून ठेवायची.

मग आईनेच एक सुरुवात केली. कालनिर्णयवर ती दुधाचा हिशेब लिहिते, गॅस कधी लावला ते लिहिते, त्याच चौकोनात कोपऱ्यात ती खंडूचा दिवस लिहायला लागली. बरा गेला तर बरोबरची खूण, नाही तर फुली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. जूनमध्ये १७ फुल्या होत्या. जुलैचं पान मी महिनाअखेरीला बघितलं, २३.

पावसाळा लागला आणि बाकीचं फार झपाट्याने झालं. सतत एका कुशीवर पडून खुब्यावर बेडसोर झाला, आधी रुपयाएवढा लाल डाग, मग कातडी गेली. वजन साडेसोळा किलोवर आलेलं, हाडं वर आलेली, कितीही मऊ अंथरलं तरी हाड टोचणारच. बाबा तीन-तीन तासांनी कूस बदलायचे, रात्री अलार्म लावून. आई पोव्हिडोन आयोडीनने पुसायची. पण पावसात अंथरूण सुकेना, शू आडवं पडल्यापडल्याच व्हायची, आणि माश्या. ज्यांनी पावसाळ्यात कुत्र्याची जखम सांभाळलीय त्यांना माहीत असेल माश्या काय करतात, एक दिवस नजर चुकली की झालं.

श्रावणातला पहिला गुरुवार. मी नेमकी त्या दिवशी रजा घेऊन सकाळीच आले होते. आई जखम पुसायला बसली आणि एकदम मागे सरकली. मी बघितलं तर जखमेच्या कडेला काहीतरी हलत होतं.

डॉक्टर तासाभरात आले. पडवीत खंडूला आडवं ठेवलं, मी टॉर्च धरला, डॉक्टरांनी जखमेच्या भोवतीचे केस कापले आणि चिमट्याने एकेक आळी काढायला लागले. खालीपर्यंत गेल्या होत्या, वरून दिसत होतं त्यापेक्षा जखम कितीतरी मोठी होती आत. बाबा डोक्याशी बसलेले. आईने आतून दूधभाकरीची वाटी आणून दिली, त्याचं लक्ष तिकडे लागावं म्हणून. आणि खंडू खायला लागला. बाबांच्या हातातनं. मागे डॉक्टर चिमटा घालतायत, मांडीचं कातडं थरथरतंय, आणि पुढे हा जिभेने भाकरी ओढतोय, बाबांची बोटं चाटतोय. मी मोजत होते, का मोजत होते माहीत नाही, बावीस निघाल्या. वाटीही संपली.

बाबांनी वाटी खाली ठेवली. हात धुतले नाहीत, तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "हा मरेपर्यंत खाणारच आहे का रे?"

डॉक्टर म्हणाले, "सर, काही कुत्री शेवटच्या दिवसापर्यंत खातात. रस्त्यावरची जात आहे, मिळालं की खायचं हे रक्तात असतं. खाणं म्हणजे बरं असणं नाही." मग थोडं थांबून म्हणाले, "मी माझ्या स्वतःच्या कुत्र्याच्या वेळी हीच वाट बघत बसलो होतो."

त्या रात्री मी दादाला सात वाजताचा नेहमीचा कॉल लावला नाही. मोबाइलवर दुपारी थोडंसं शूट केलं होतं, डॉक्टरांनीच सांगितलं होतं जखमेचा व्हिडिओ ठेवा म्हणून, तो पाठवला. अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, मला नाही, बाबांना. बाबा फक्त हं, हं करत होते. शेवटी म्हणाले, बरं. फोन ठेवून आम्हाला सांगितलं, "तो म्हणतोय माझ्यासाठी थांबू नका."

सगळे आईकडे बघत होतो आणि ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "आज गुरुवार आहे, आज नाही. उद्या जिवती आहे. परवा बोलवा त्यांना."

एवढंच. पण तिने वार सांगितला म्हणजे काय झालं हे आम्हाला तिघांनाही कळलं.

शुक्रवारी सकाळी तिने नेहमीसारखी जिवतीची पूजा केली. देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला असतो, त्याला आघाड्याची माळ, हळदकुंकू, दूधसाखर, चणेफुटाणे. पुरण शिजवलं. मग ताम्हन घेऊन मला पाटावर बसवलं, ओवाळलं. दादासाठी चारी दिशांना अक्षता टाकल्या, पोरं लांब असली की तसं करतात. आणि मग ते ताम्हन घेऊन ती तशीच पडवीत गेली. खाली बसली, गुडघे दुखतात तिचे, ती कधी खाली बसत नाही. खंडूच्या कपाळावर, पांढरे केस आले होते तिथे, कुंकू लावलं, अक्षता ठेवल्या, त्या घरंगळल्या, परत ठेवल्या. सुपारी आणि अंगठी फिरवली, निरांजन ओवाळलं. जिवतीची पूजा लेकरांच्या आयुष्यासाठी करतात. ती काय मागत होती मला माहीत नाही, मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. ओवाळून झाल्यावर पुरणाची पोळी दुधात कुस्करून तिने स्वतःच्या हाताने भरवली. पूर्ण खाल्ली.

त्या रात्री आम्ही सगळे पडवीत झोपलो. झोपलो म्हणजे पडून होतो. दोनला तो रडायला लागला, नेहमीसारखा.

शनिवारी सकाळी दहाला डॉक्टर आले. आधी बसून त्यांनी सगळं समजावून सांगितलं, आणि हे फार बरं केलं त्यांनी, तुमच्यावर वेळ आली तर डॉक्टरांना हे आधीच विचारा. पहिलं इंजेक्शन झोपेचं, त्याने पाच-दहा मिनिटांत गाढ झोप लागेल, त्यानंतर त्याला काहीही जाणवणार नाही. दुसरं शिरेतून, भुलीचंच औषध पण जास्त मात्रेत, त्याने श्वास थांबतो आणि हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतील, मिटवले तरी मिटत नाहीत. शू होईल. आणि कधी कधी सगळं संपल्यावरही एखादा खोल श्वास घेतल्यासारखं होतं, तो श्वास नसतो, स्नायू आखडतात, घाबरू नका. सांगून झाल्यावर म्हणाले ज्यांना थांबायचं नाही त्यांनी आत गेलं तरी चालेल. कुणीच गेलं नाही. दादा व्हिडिओ कॉलवर होता, मी फोन एका कुंडीला टेकवून ठेवला होता.

बाबांच्या गोधडीवर त्याला घेतलं, डोकं बाबांच्या मांडीवर. पहिलं इंजेक्शन मांडीत दिलं तेव्हा जरा दचकला. मग हळूहळू मान जड झाली. आणि मग तो घोरायला लागला. खंडू पहिल्यापासून घोरायचा, मोठ्याने, पाहुणे हसायचे. कितीतरी महिन्यांत तो आवाज आम्ही ऐकला नव्हता, एवढी झोपच लागली नव्हती त्याला. धापा थांबलेल्या, पाय सैल सुटलेले, घोरतोय. आई त्याच्या कानामागे हात फिरवत होती आणि म्हणाली, "किती दमला होता बघ." डॉक्टरांनीही घाई केली नाही. पाचसात मिनिटं आम्ही फक्त ते घोरणं ऐकत बसलो होतो, फोनमधून दादाही ऐकत होता. ती पाच मिनिटं आठवली की मला अजून वाटतं की आधीच का नाही.

पुढच्या पायाचे केस काढून शीर शोधायला थोडा वेळ लागला, रक्तदाब कमी असला की शीर सापडत नाही लवकर. दुसरं इंजेक्शन हळूहळू दिलं. घोरणं मंद झालं, थांबलं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, बराच वेळ ऐकलं, "सर, झालं." थोड्या वेळाने एक खोल श्वास आल्यासारखा झालाच, आणि सांगून ठेवलेलं असूनही आई ओरडली, अहो श्वास घेतोय तो! डॉक्टरांनी परत स्टेथोस्कोप लावून तिला नीट सांगितलं, नाही काकू, गेलाय तो.

चिकूखाली, त्याच्या खड्ड्याच्या जागीच खणलं. शेजारच्या दोन मुलांनी मदत केली, चार फूट खोल घ्यायला लावलं डॉक्टरांनी, त्या औषधाचा अंश अंगात राहतो, दुसऱ्या कुत्र्यामांजरांनी किंवा पक्ष्यांनी उकरून काही खाल्लं तर त्यांना बाधतं. पांढऱ्या कापडात गुंडाळलं, खडेमीठ, हळद, वर माती आणि मातीवर मोठे दगड. कपाळावरचं कालचं कुंकू तसंच होतं.

मला लोक म्हणतात तुम्ही खूप केलंत त्याचं. केलं, खरंच केलं, बाबांनी तर केलंच. पण जुलैच्या पानावर ज्या २३ फुल्या आहेत त्यातल्या शेवटच्या पंधरा तरी त्याला बघायला लागायला नको होत्या, असं मला वाटतं. आईला तसं वाटत नाही, ती म्हणते जिवतीपर्यंत राहिला ते बरं झालं. बाबा यावर बोलत नाहीत. कुणाकडे अशी वेळ असेल तर मी एवढंच सांगेन, वाटीकडे बघू नका, रात्री दोन वाजता त्याच्याजवळ जाऊन बसा आणि तेव्हा बघा. आणि ते मार्क द्यायचेच असतील तर भुकेचा रकाना झाकून ठेवून बेरीज करा.

दिवाळीला दादा आला तेव्हा सामान आत न नेता आधी चिकूखाली गेला, दगडांवर हात ठेवून बसला बराच वेळ. पाडव्याला पहाटे बाबा आणि तो किल्ल्यावर जाऊन आले. बाबा कितीतरी महिन्यांनी चढले, वरच्या वळणावर कठड्यावर थोडे बसले म्हणे.

दूधवाल्याला आईने अजून सांगितलेलं नाही. रोज दीड लिटरच येतं. अर्ध्या लिटरचं ती दही लावते, आणि कालनिर्णयवर लिहिते, दीड.